करवती काठाची घडी

खोटं बोलत असेन तर तोंडात उरलेल्या माझ्या तीन दाढा आत्ताच्या आत्ता ताटात पडोत! अक्षर न् अक्षर खरं आहे. काही शकुननं स्वतः सांगितलेलं, आणि उरलेलं मी माझ्या या दोन डोळ्यांनी पाहिलेलं. त्यातल्या एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, म्हणून तर त्याला इतरांपेक्षा जास्त दिसतं.

तर गीतांजलीच्या दुकानात, मागच्या पडद्याआड, शकुन एका ब्लाउजच्या बाहीत नाक खुपसून उभी होती.

"काय करून राहिल्या मॅडम?" गीतांजलीनं विचारलं.

"वास घेऊन राहिली."

"धुतलेलं हाये ते. ड्रायक्लीन."

"धुतलं असंन. पण ही बाई कपड्यात कापूर ठेवणारी होती. म्हंजे जपून वापरलं तिनं. आता आतून पाह्य. शिलाई अर्धा इंच सोडलेली. टेलर चांगला होता. कितीले?"

"तीनशे."

"तीनशे? हुक गंजले हायेत वं."

"दोन हुकांचे तुमी दीडशे कमी करसान, मले ठाऊक हाये."

"ठाऊक हाये त आधीच दीडशे सांगत जा. माहा घसा तरी वाचंन."

गीतांजली मूळची परतवाड्याची. बाप तिथल्या बाजारात संत्री विकायचा, त्यामुळं ढिगातलं चांगलं फळ वर कसं मांडायचं हे तिला न शिकवता येतं. अमरावतीत राजापेठेच्या मागच्या गल्लीत तिचं हे बुटीक. पुढं नवे कुर्ते, आरशाच्या कामाच्या ओढण्या आणि कॉलेजच्या पोरींचा कलकलाट. मागं पडदा, पडद्याआड लोकांनी विकायला दिलेले जुने कपडे, आणि त्यांच्यावर झोकदार पाटी: 'प्री-लव्ह्ड'. शकुननं पहिल्याच दिवशी पाटीचा अर्थ विचारला होता. गीतांजली म्हणाली, "ज्याच्यावर आधी कोणी प्रेम केलं असे कपडे." शकुननं विचारलं, "मंग सोडले काहून?" गीतांजलीनं पन्नास रुपये कमी केले.

शकुन माझ्या वरच्या मजल्यावर राहते. वय बासष्ट. लग्न झालेलं नाही. का झालं नाही याच्या मला सात गोष्टी माहीत आहेत, पण सातही मीच रचलेल्या असल्यामुळं इथं सांगत नाही. सगळा जन्म तिनं पाटबंधाऱ्याच्या कचेरीत अनुरेखक म्हणून काढला. म्हणजे मोठ्या नकाशावर पातळ कागद अंथरायचा आणि खालची रेघ न् रेघ शाईनं वर उतरवायची. नदी, नाला, कालवा, पाट. संगणक आले तेव्हा काम गेलं, खुर्ची तेवढी राहिली. त्या खुर्चीवर बसून निवृत्त झाली. पण रेघ तिच्या डोळ्यातून गेली नाही. कापडाचा एक धागा तिरपा असला तर तिला खडा टोचल्यासारखं होतं.

त्या डोळ्याच्या जोरावर ती जे कपडे हुडकून काढते, काय सांगू! एका हिवाळ्यात नव्वद रुपयांना राखाडी कोट आणला. खांदे उसवून बारीक केले, कॉलरला कुठल्याशा फाटक्या पैठणीची पट्टी लावली आणि बडनेऱ्याला एका लग्नात घालून गेली. वरमाईनं तिला कलेक्टर समजून पहिल्या सोफ्यावर बसवलं, गुलाबपाणी शिंपडलं, आणि खऱ्या तहसीलदारीणबाई मागं जनरेटरजवळ धूर खात बसल्या. नवऱ्यामुलानं पाया पडून बदलीचा अर्जसुद्धा दिला म्हणतात.

पण स्वस्तात मिळालेल्या कपड्याची अर्धीच मजा मिळवण्यात असते. उरलेली अर्धी, कोणीतरी समोर उभं राहून "कितीले पडलं?" असं विचारतं तेव्हा येते. शकुनला विचारायला कोणी नव्हतं. रविवारी ती नटायची, राजकमल चौकापर्यंत चालत जायची, दुकानांच्या काचांत स्वतःला पाहत पाहत परत यायची. हातात कोथिंबिरीची जुडी, म्हणजे बाहेर पडायला काही कारण होतं असं वाटावं. एकदा तिनं गॅस सिलेंडरवाल्याला सांगितलं, "हा कुर्ता ऐंशीचा हाये, खरा वाटते का?" तो म्हणाला, "बाई, इथं सही करा." मला सांगायची पूर्वी. पण ती ऐंशी म्हणाली की मी गल्लीत चाळीस सांगायचे, तर तिनं मलाही सांगायचं सोडलं.

तिचं कपाट मी पाहिलंय. ब्लाउजांच्या आत टेलरांनी पेनानं लिहिलेली नावं तशीच: 'सौ. भुयार, अर्जंट', 'कडू मॅडम, गुरुवार'. कपाट उघडलं की बायकांची सभा भरल्यासारखी वाटते, आणि बोलत कोणीच नाही.

तर त्या दिवशी दीडशेचं ब्लाउज बाजूला ठेवताना शकुनचा हात ढिगाखाली गेला आणि तिथंच थांबला. तिनं ओढून काढली ती करवती काठाची टसरची साडी. मधाच्या रंगाची. काठाला करवतीचे दाते, लाल आणि काळे, एकाला एक लागून.

"हे कुठची?"

"यवतमाळच्या एका घरून गठ्ठा आला, त्याच्यात होती. कोणी आहेरात देल्ली असंन, त्या बाईनं उघडलीच नाई. आतला कागद पाहा ना, तसाच हाये. दुकानात पाच हजाराच्या खाली हात लावू देत नाई कोणी. तुमच्यासाठी नऊशे."

शकुननं काठावर बोट ठेवलं आणि रेघेवरून चालावं तसं ते पुढं नेलं. एका जागी बोट थांबलं. "इथं एक दाता चुकला."

गीतांजलीनं डोळे बारीक केले, मोबाईलचा टॉर्च लावला. "कुठी?"

"इथं. विणणाऱ्याले कोणीतरी हाक मारली असंन."

"हे त त्या विणणाऱ्याच्या बायकोलेही दिसलं नसंन! बरं, साडेचारशे. आता मले आणखी लुटू नका."

इतका सौदा जमला होता. आणि शकुननं साडी होती तशी परत ढिगावर ठेवली.

"काय झालं?"

"मी नवं घेत नाई."

"काहून? लोक जुनं घेत नाई, तुमी नवं घेत नाई. अजबच हाये बापा!"

"नव्या साडीची घडी मोडावी लागते."

"मंग मोडा!"

"आपली आपण नाई मोडत वं. आधी दुसरीनं नेसावी. बहिणीनं, मैत्रिणीनं. घटकाभर घालून फिरावं, मंग आपल्याले द्यावी. तिचा जीव लागते त्याच्यात. तुह्या परतवाड्यात नाई का असं?"

"आजी करत होती असं काही," गीतांजली म्हणाली. मग जरा थांबून, "मी मोडून देऊ का?"

"तू विकणारी. तू मोडली त मंग मी जुनीच घेतली ना." शकुन हसली. "जुन्याचं बरं असते. त्याची कोणी ना कोणी कधीच मोडलेली असते. आपल्याले कोणाच्या दारी जायचं काम नाई."

शकुन गेल्यावर गीतांजलीनं ती साडी ढिगावरून उचलली आणि आतल्या कप्प्यात ठेवली.

आता कौशल्याचं सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही.

शकुनची नोकरी लागली ती अकोल्यात. रामदासपेठेत एका खोलीत ती आणि कौशल्या नऊ वर्षं राहिल्या. दोघी एकाच टेबलावर समोरासमोर बसून नकाशे उतरवायच्या. पगार एवढासा, पण साडीबाजारात दोघी मिळून उतरल्या की दुकानदार गल्ला झाकून घ्यायचे. एकीनं साडी घेतली की दुसरीनं घडी मोडायची, असा नेम. शकुनची प्रत्येक साडी आधी कौशल्या नेसून कचेरीत जायची, कौशल्याची शकुन. साहेबांना कधी कळलं नाही कुठली साडी कुणाची.

आणि एक गंमत. कागदावर केसाएवढी रेघ सरळ काढणाऱ्या शकुनला स्वतःच्या निऱ्या कधी सरळ जमल्या नाहीत. कौशल्या रोज सकाळी तिच्यापुढं पाटावर बसायची, निऱ्यांची खालची टोकं धरून एकेक ओढायची आणि म्हणायची, "नदी सरळ काढते अन् निऱ्या पाह्य हिच्या!"

पुढं कौशल्याचं लग्न झालं, अकोल्यातच, हरिहर वकिलांशी. शकुनची बदली अमरावतीला झाली. तरी नेम सुटला नाही. नवी साडी आली की शकुन एसटीत बसायची, किंवा कौशल्या यायची.

मग अकरा वर्षांपूर्वी कौशल्याच्या मुलीचं, देवश्रीचं लग्न निघालं. कौशल्यानं स्वतःसाठी पैठणी घेतली. आयुष्यातली पहिली. शकुन आदल्या दिवशीच अकोल्याला पोचली, कारण घडी तिनंच मोडायची हे सांगायचीही गरज नव्हती. आतल्या खोलीत गेली तर कौशल्याची जाऊ अनसूयाबाई ती पैठणी नेसून आरशासमोर उभी. शकुनला पाहून म्हणाली, "लग्नाघरची साडी हाये बाई. लेकुरवाळ्या सवाष्णीनंच मोडावी. तुमी वाईट वाटून घेऊ नका." कौशल्या तिथंच उभी होती, हातात हळदीची वाटी. ती वाटीकडं पाहत राहिली.

शकुननं वाईट वाटून घेतलं नाही. म्हणजे दाखवलं नाही. लग्न लागलं, आहेर दिला आणि दुपारच्या गाडीनं परत आली. भांडण नाही, शब्द नाही. पहिल्या दिवाळीला फोन झाला, दुसऱ्या दिवाळीला मोबाईलवर पणतीचं चित्र आलं, तिसऱ्या दिवाळीला तेही नाही. तेव्हापासून तिनं नवी साडी घेतलेली नव्हती.

गीतांजलीच्या दुकानातून आली आणि दोन रात्री तिच्या पावलांचा आवाज मी छतातून ऐकला. तिसऱ्या दिवशी दुकान उघडायच्या आधी ही पायरीवर उभी. गीतांजलीनं न विचारता साडी काढून दिली.

"कोणाच्या दारी चालल्या?"

"अकोल्याले."

"मी पिशवी चांगली देते, थांबा."

अर्ध्या तिकिटात अकोला. मूर्तिजापूर येईपर्यंत शकुननं पिशवी मांडीवरून खाली ठेवली नाही. शेजारच्या बाईनं विचारलं, "पोरीकडं चालल्या का?" ती म्हणाली, "नाई. घडी मोडाले." ती बाई खिडकीकडं सरकून बसली.

जठारपेठेतलं घर तेच. फाटकाचा रंग दुसरा. शकुननं बेल वाजवली आणि आतून पाय ओढत येण्याचा आवाज खूप वेळ येत राहिला.

दार उघडलं. मॅक्सीवर ओढणी घेतलेली कौशल्या. गुडघे गेलेले, चष्मा जाड.

"कोण पायजे?"

"तू."

कौशल्यानं चष्मा वर केला. "शकुन?"

"मंग काय तिचं भूत? भूत एसटीनं येते का?"

"केस पांढरे केले वं."

"केले नाई, झाले. दारातच उभं ठेवतं का?"

आत गेल्यावर समोरच्या भिंतीवर हरिहर वकिलांचा फोटो दिसला. चंदनाचा हार घातलेला. शकुन उभीच राहिली.

"कधी?"

"दोन वर्सं झाले. माघात."

"मले कळवलं नाई."

"कोणत्या तोंडानं कळवू? तू पोरीच्या लग्नातून न जेवता गेल्ती."

"कोण म्हणते? जेवली मी. दोन जिलब्या खाल्ल्या, मठ्ठा प्याली."

"खरं?"

"तुह्या वाढप्याले विचार. तिसरी जिलबी मागितली त नाई म्हणे तो."

कौशल्या पलंगावर बसली. अकरा वर्षं तिनं एक उपाशी गेलेली मैत्रीण मनात ठेवली होती. ती दोन जिलब्या खाऊन गेली होती हे कळल्यावर हसावं की रडावं हे तिला समजेना. तिनं ओढणीनं चष्मा पुसला.

"देवश्री पुण्याले असते," ती म्हणाली. "ने म्हणते. मी जात नाई. तिथं सगळे दारं लावून बसतात."

"इथं कोणते उघडे हायेत?" शकुन म्हणाली, आणि पिशवीतून साडी काढून पलंगावर ठेवली.

कौशल्यानं वाकून पाहिलं. करवती काठ पाहिला. आणि तिच्या तोंडून आपोआप निघालं, "कितीले पडली?"

शकुन पलंगाच्या काठावर टेकली आणि म्हणाली, "वळख."

"चार हजार."

"खाली ये."

"तीन? दोन?"

"आणखी खाली."

"हजार? खोटी कुठची! चोरली का वं?"

"साडेचारशे."

"साडेचारशे!" कौशल्यानं मांडीवर थाप मारली. "दाखव, खोट कुठी हाये? खोट असल्याबिगर तुले कोणी देत नाई. थांब, सांगू नको." ती काठाच्या इतक्या जवळ गेली की चष्मा कापडाला टेकायचा राहिला. "हे! दाता चुकला."

अमरावतीत टॉर्च लावून न दिसलेला दाता त्या जाड चष्म्याला दिसला. दोघी हसल्या. तेवढा वेळ ती खोली रामदासपेठेतली होती.

"मंग मोड घडी," शकुन म्हणाली. "त्याच्यासाठीच आली."

कौशल्याचे दोन्ही हात ओढणीखाली गेले.

"माह्या हातानं नको."

"काहून?"

कौशल्यानं भिंतीवरच्या फोटोकडं पाहिलं. "तुले काही झालं त?"

"मले काय होणार हाये? नवरा मरंन का माहा?"

कौशल्याला हसू आवरेना. डोळ्यातून पाणी आलं इतकं हसली. पण हात ओढणीखालून बाहेर आले नाहीत.

"तवा जाऊबाई बोलली, मी ऐकून घेतलं," ती म्हणाली. "आता मले कोणी काही म्हणत नाई. तरी ऐकू येते."

"कौशल्या, मले तवाही चालत होतं. आजही चालते."

"तुले चालते वं. माह्या हाताले चालत नाई."

बाहेरून भाजीवाल्याची गाडी गेली, तो दोनदा ओरडला आणि कोणी दार उघडलं नाही. मग शकुन उठली. साडी घेऊन आरशासमोर गेली, आतला कागद काढला आणि स्वतःच्या हातानं घडी मोडली. बासष्टाव्या वर्षी, पहिल्यांदा, आपली आपण. कोऱ्या टसरचा तो चरचर आवाज झाला. कौशल्यानं डोळे मिटून घेतले.

शकुननं साडी गुंडाळली, पदर खांद्यावर टाकला आणि निऱ्यांशी झटापट सुरू केली. पाच घातल्या, तिसरी सुटली. पुन्हा घातल्या. तेव्हा मागं पाट सरकल्याचा आवाज आला. त्या गेलेल्या गुडघ्यांनी कौशल्या खाली बसली होती. तिनं निऱ्यांची टोकं धरली, एकेक ओढून सारखी केली, जमिनीपासून एक बोट वर. आणि म्हणाली, "नदी सरळ काढते अन् निऱ्या पाह्य हिच्या!"

निघताना तिनं तिळाची चटणी बांधून दिली. शकुन तीच साडी नेसून एसटीत बसली. बसमध्ये तीन बायकांनी विचारलं कितीले पडली, आणि कंडक्टरनं तर तिकिटाचे पैसेच घेतले नाहीत.

कंडक्टरचं सोडा. तसं मी नेहमीच थोडं वाढवून सांगते, ते तुम्ही धरून चालता. पण दाढांची शपथ घेतली आहे आणि तीनच राहिल्यात, म्हणून एक गोष्ट मात्र कबूल करून टाकते.

संध्याकाळी शकुन ऑटोतून उतरली तेव्हा मी फाटकात उभी होते. साडी अशी की गल्लीतला म्हातारा कुत्रा उठून बसला. पण निऱ्या वाकड्या होत्या. एक वर, एक खाली, मधली भलतीकडंच. कौशल्या पाटावर बसली, तिनं टोकं धरली, ते मी मनचं घातलं. ती पलंगावरून उठलीच नाही. हात ओढणीखाली ठेवून दुरूनच सांगत राहिली, डावीकडची ओढ, ती नाही, तिच्या बाजूची, आता जरा खाली घे. आणि शकुन आरशात पाहून ओढत राहिली.

"ये इकडं," मी म्हटलं. "नीट करून देते."

"राहू द्या काकू," ती म्हणाली. "कौशल्यानं सांगितल्या तशाच हायेत."

आणि डाव्या हातानं निऱ्या किंचित उचलून धरून ती जिना चढून गेली.